काळ्या चिलखतावरची पांढरी झाक: पावसाळ्यात व्हार्निश का बिघडतं आणि कसं सावरायचं

वॉरहॅमरच्या मिनीचं, म्हणजे टेबलावर खेळायच्या छोट्या सैनिकी मूर्तीचं, चिलखत काळं झालं, कडा उजळल्या, खांद्यावरचं चिन्ह बसलं. शेवटी मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि अर्ध्या तासात अख्ख्या मिनीवर राख भुरभुरल्यासारखी पांढुरकी झाक आली. ब्लॅक टेम्पलर्स, रेवन गार्ड, आयर्न हँड्स, ब्लॅक लीजन, फौज कोणतीही असो, मुंबईत जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ही तक्रार दरवर्षी येते. हाडाच्या किंवा पांढऱ्या रंगाच्या मिनीवरही हा दोष असतोच, फक्त डोळ्याला दिसत नाही. काळा रंग फारच थोडा प्रकाश परत पाठवतो. म्हणून वरच्या थरातल्या सूक्ष्म पोकळ्यांनी जरासा प्रकाश विखुरला तरी काळ्यावर तो राखाडी पडद्यासारखा दिसतो.

थिनरच्या बाटलीला हात लावू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर आणि ॲसिटोन हे दोन्ही पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची मिनी वितळवतात. खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो, बिघाड फक्त वरच्या पारदर्शक थरात असतो आणि तो सावरता येतो. पण सगळ्या पांढऱ्या झाका एकसारख्या नसतात, त्यामुळे आधी निदान करायचं.

झाक कोणती ते ओळखा

एका साध्या ब्रशने झाकेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. ओलं असताना काळा रंग खोल दिसला आणि सुकल्यावर पुन्हा पांढुरकं झालं, तर थरात पोकळ्या आहेत. पाणी त्या पोकळ्या भरतं तेवढा वेळ प्रकाश विखुरणं थांबतं. ही झाक दुरुस्त होते. पाण्याखालीही पांढरं तसंच दिसलं, तर तिथे खरोखरची पांढरी भुकटी बसली आहे: व्हार्निशमधली मॅट करणारी पूड, किंवा सुपरग्लूची वाफ.

मग जागा पाहा. झाक फक्त सांध्यांभोवती, हात जोडला तिथे किंवा हेल्मेटच्या मानेपाशी असेल, तर संशय ग्लूवर. खाचांमध्ये, गुडघ्याच्या मागे, छातीवरच्या गरुडाच्या पिसांत पांढरे ठिपके साचले असतील, तर मॅट व्हार्निश जाड लागलं आहे किंवा बाटली नीट ढवळलेली नव्हती. फक्त चिन्हाच्या चौकोनात चंदेरी चमक असेल, तर डिकॅलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हाच्या फिल्मखाली, हवा अडकली आहे. नखाला पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत लागत असेल, तर स्प्रेचे थेंब मिनीवर पोचण्याआधीच हवेत सुकले. मार्च-एप्रिलच्या दुपारी खारा वारा सुटलेला असताना बाल्कनीत फवारलं की हे होतं, त्याचा दमटपणाशी संबंध नाही. आणि अख्ख्या मिनीवर ढगाळ, दुधाळ, कमीजास्त पसरलेली झाक असेल, तर ते दव.

दव नेमकं कुठून येतं

हवेला ठराविक तापमानापर्यंत थंड केलं की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. जुलैत मुंबईत हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. म्हणजे मिनीचा पृष्ठभाग फक्त तीन अंशांनी गार झाला की त्यावर पाणी बसणार. हिवाळ्यातल्या दुपारी ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला हाच दवबिंदू १८ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा बारा अंशांची मोकळीक मिळते.

स्प्रे कॅन नेमकी ही तीन अंशांची गारवट तयार करतो. आतला दाबाखालचा वायू बाहेर पडताना फुगतो आणि थंड होतो, सलग फवारलं की डबाही हाताला गार लागतो. त्यावर द्रावक भराभर उडतं आणि तेही पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. ओल्या व्हार्निशवर डोळ्याला न दिसणारं दव बसतं, थर त्या कणांभोवती घट्ट होतो, मग पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिरांना हे चांगलं माहीत असतं. पावसात लॅकर मारलं की पांढरं पडतं, म्हणून ते थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं द्रावक, घालतात किंवा काम पुढे ढकलतात.

मुंबईच्या घरांत आणखी एक सापळा आहे, आणि आमच्या मते निम्मी नासाडी त्यानेच होते. एसी चालू असलेल्या खोलीत मिनी २४ अंशांवर असते आणि स्प्रे करायला आपण ती बाल्कनीत नेतो. बाहेरचा दवबिंदू २५. एसी टॅक्सीतून उतरल्यावर चष्म्यावर जसं धुकं धरतं, तसं त्या मिनीवर व्हार्निशच्या आधीच पाणी बसलेलं असतं. काळ्या मॅट रंगावर ते दिसतही नाही. धातूची मिनी जास्त वेळ गार राहते, त्यामुळे तिथे धोका मोठा. एसीतून थेट बाहेर नेऊन फवारायचं नाही, हा नियम पाळला तरी फरक लगेच दिसतो.

आलेली झाक कशी घालवायची

पोकळ्यांच्या झाकेवर पहिला उपाय ग्लॉस, म्हणजे चकचकीत व्हार्निश, ब्रशने. पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक ग्लॉस घ्या, वायेहो कंपनीचं किंवा सिटाडेलचं आर्डकोट चालतं. ग्लॉसमध्ये मॅट करणारी पूड नसते. नुसतं स्वच्छ रेझिन पोकळ्यांत शिरतं आणि प्रकाशाला पुन्हा सरळ वाट मिळते. मिनी आधी चोवीस तास कोरड्या खोलीत ठेवा. मग मऊ, १ किंवा २ नंबरचा ब्रश घेऊन पातळ थर द्या, खाचांत साचलेलं लगेच ओल्या, निथळलेल्या ब्रशने टिपा. पहिल्या थराने सत्तर-ऐंशी टक्के काळेपणा परत यावा. दुसरा थर पहिला पूर्ण सुकल्यावरच. पावसाळ्यात एसी नसलेल्या खोलीत त्याला तीन-चार तास धरा. थर ओठाच्या कडेला गार लागला, तर पाणी अजून उडतं आहे.

काळेपणा परत आला, की चकाकी घालवण्यासाठी वरून सॅटिन (मंद चमकेचं) किंवा मॅटचा पातळ हात, तोही ब्रशने किंवा एअरब्रशने. त्याच डब्याने पुन्हा नाही.

दुसरा उपाय त्याच स्प्रे व्हार्निशचा, पण कोरड्या हवेत. लॅकरच्या जातीचं व्हार्निश असेल, तर नवा ओला थर खालच्या थराला पुन्हा मऊ करतो, पोकळ्या बुजतात आणि झाक जाते. दोन ओलसर, झटपट हात पुरे. त्याच दमट संध्याकाळी पुन्हा फवारलं, तर झाक दुप्पट होते. घाईत बहुतेक जण हेच करतात.

ऑलिव्ह ऑइल चोळण्याचा जुना उपाय प्रसिद्ध आहे, आणि झाक त्याने नाहीशी होते हे खरं. तेलही पोकळ्याच भरतं. पण ते सुकत नाही, धूळ धरतं, आणि त्यावर पाण्याचं व्हार्निश नीट पकडत नाही. काळ्या चिलखतावर बोटांचे ठसे मग कायमचे. घरातलं खोबरेल तर नकोच: एसीत २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि खाचांत पांढरं दिसायला लागतं. तेल लावून झालं असेल, तर भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या सौम्य पाण्याने मऊ ब्रशने धुवा, दोन दिवस सुकवा, मग ग्लॉस.

खरखरीत झाकेवर ग्लॉसने रंग सुधारतो, खरखर राहते. सपाट जागी, खांद्यावर किंवा रणगाड्याच्या दारावर, ग्लॉस नीट मुरल्यावर २००० ग्रिटच्या ओल्या पेपरने अगदी हलका हात फिरवता येतो. कडांना लावू नका, हायलाइट (कडेवरची उजळ रेघ) क्षणात उडतो. खाचांत साचलेल्या पांढऱ्या पुडीवर ग्लॉस चालत नाही, तिथे पुन्हा रंगच भरावा लागतो. काळ्याचा पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) किंवा नल्न ऑइल (सिटाडेलचा काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग) टोकदार ब्रशने फक्त त्या खाचेत सोडा.

पावसाळ्यात स्प्रे मारायचाच असेल तर

डिजिटल हायग्रोमीटर घ्या. छोटा, बॅटरीवर चालणारा लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सहज मिळतो. या छंदात महागड्या ब्रशआधी मुंबईकराने घ्यायची ती वस्तू. ६० टक्क्यांखाली बिनधास्त फवारा. ६० ते ७० मध्ये खालची सगळी खबरदारी घेऊन. ७० च्या वर स्प्रे कॅन कपाटातच राहू द्या. दिवसात आर्द्रता सर्वांत कमी दुपारी एक ते चारच्या दरम्यान असते, पहाटे सर्वांत जास्त. ऐन जुलैत दुपारीही आकडा उतरला नाही, तर तो दिवस सोडा.

मधल्या पट्ट्यात काम करायचं तर मिनी आणि डबा दोन्ही कोमट हवेत. डबा हाताला सोसेल इतक्या, साधारण ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. उकळतं पाणी, गॅस, ओव्हन काहीही नाही. ५० अंशांच्या वर डबा फुटण्याचा धोका असतो आणि डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. बाहेर काढून पुसा आणि गोळी वाजायला लागल्यावर पूर्ण दोन मिनिटं हलवा. मॅट व्हार्निशमधली पूड तळाशी बसते, अर्धवट हलवलेला डबा स्वतःच पांढरं मारतो. मिनीला हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, फूटभर अंतरावरून, मिनिटभर दाखवा. हाताला किंचित ऊब लागली की थांबा. रेझिनच्या तलवारी आणि भाले उष्णतेने लवकर वाकतात, त्यांना आणखी लांबून.

पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात मिनी, म्हणजे वारा लागत नाही आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही काही उडत नाही. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा मिनीच्या बाहेर सुरू करायचा, तिच्यावरून नेऊन पलीकडे सोडायचा. एका बाजूला एक झपका, मग मिनी फिरवा. पूर्ण ओलं, चकचकीत दिसेपर्यंत फवारलं तर तोच थर सर्वांत जास्त गार होतो. दोन थरांमध्ये पंधरा-वीस मिनिटं. पहिला हात बसताच मिनी एसीच्या ड्राय मोडवर तासभर चाललेल्या खोलीत न्या. बाहेरून आत जाताना दव बसत नाही, उलट दिशेनेच बसतं. दुसऱ्या हाताला बाहेर आणण्याआधी मात्र पुन्हा ड्रायर.

खोलीत फवारू नका. सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी किंवा एन-९५ मास्क कण अडवतो, द्रावकाची वाफ नाही.

आधी स्प्रूच्या, म्हणजे मिनीचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्या, तुकड्यावर काळा रंग लावून चाचणी घ्या. वीस मिनिटं थांबून उजेडात पाहा. तुकडा पांढुरका झाला, तर त्या दिवशी मिनीला हात लावायचा नाही.

पावसाळ्याचा खरा मार्ग: ब्रश आणि एअरब्रश

आमचं स्पष्ट मत असं, की जून ते सप्टेंबर काळ्या चिलखताला स्प्रे कॅनचं मॅट लावूच नये. प्रायमरचे हात डिसेंबर ते फेब्रुवारीत एकदम उरकून पुढच्या पथकांचा साठा करून ठेवा, पावसाळा जोडणी आणि रंगासाठी ठेवा, आणि व्हार्निश ब्रशने.

ब्रशच्या मॅटमध्ये चुका दोनच होतात. एक म्हणजे बाटली जोरात हलवणं: बुडबुडे होतात, ते फुटतात आणि पांढरे खड्डे राहतात. काडीने तळापासून मिनिटभर ढवळा, किंवा बाटलीत दोन स्टेनलेस स्टीलच्या बारीक गोळ्या टाकून ती तळहातांत फिरवा. दुसरी म्हणजे साचलेलं तसंच सोडणं. चार थेंब व्हार्निशला एक थेंबाहून कमी पाणी, पॅलेटवर काढून, एका वेळी एकच पत्रा: मांडी, मग पोटरी, मग खांदा. एकदा ओढलेल्या जागी सुकत असताना परत जाऊ नका.

एअरब्रश असेल तर ०.४ मिलिमीटरची सुई, २० ते २५ पीएसआय, आठ-दहा सेंटिमीटर अंतर. इथे दमटपणा दुसऱ्या वाटेने येतो. कंप्रेसर दमट हवा दाबतो, ती टाकीतून गरम निघते, पाइपमध्ये गार होते आणि तिथे पाणी सुटतं. कंप्रेसरला लावलेला मॉइश्चर ट्रॅप त्या गरम हवेतलं पाणी पकडू शकत नाही. दुसरा छोटा ट्रॅप हँडलच्या तोंडाशी लावा. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळतो, फक्त आटे जुळतात का ते आपला पाइप सोबत नेऊन पाहा. दर दहा मिनिटांनी ट्रॅप रिकामा करा आणि काम संपल्यावर टाकीखालचा नळ उघडून पाणी काढा. पावसाळ्यात निघालेलं गढूळ पाणी पाहिलं की आळस आपोआप जातो. मधूनच एक मोठा थेंब थुंकल्यासारखा मिनीवर पडला, तर कारण हेच.

काळं मॅट करताना मुळात काय हरवतं

झाक नाही, दव नाही, तरी व्हार्निशनंतर चिलखत फिकट वाटतं, ही तक्रारही खूप येते. तो दोष नसून मॅटचा स्वभाव आहे. मॅट पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यामुळे काळा गडद राखाडी होतो आणि वॉशने मिळालेली खोली बुजते. चिलखत म्हणजे रंगवलेला धातू. त्याला सॅटिन द्या आणि मॅट फक्त कापड, चामडं, त्वचा आणि बेसवर ठेवा. सॅटिनची बाटली नसेल, तर एकाच कंपनीचं ग्लॉस आणि मॅट समसमान मिसळा. अंगरखा आणि चिलखत यांतला फरकही मग हातभर अंतरावरून कळतो.

रंगातही थोडी तरतूद करा. पाया शुद्ध काळ्याऐवजी किंचित उजळ धरला, उदाहरणार्थ वायेहो मॉडेल कलरमधला ब्लॅक ग्रे, ७०.८६२, आणि खाचांत ७०.९५० ब्लॅक, तर व्हार्निशने जाणारी खोली खाचांतून भरून येते. कडेला जर्मन ग्रे, ७०.९९५, आणि फक्त टोकांवर त्याहून फिकट राखाडीचा ठिपका. सिटाडेलमध्ये ॲबॅडन ब्लॅकवर एशिन ग्रे आणि टोकांना डॉनस्टोन. व्हार्निश मॅट असणार असेल, तर शेवटचा हायलाइट नेहमीपेक्षा एक पायरी जोरकस ठेवा.

चिन्हाखालची चंदेरी चमक

काळ्या खांद्यावर पांढरं चिन्ह, आणि त्याभोवती चिकटपट्टीसारखी चमक. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, डिकॅलची फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते आणि खाली हवा राहते. डिकॅलच्या आधी त्या जागी ग्लॉसचे दोन पातळ हात हवेत, आणि ते रात्रभर सुकलेले. मग मायक्रो सेटचा (डिकॅल बसवायच्या द्रवाचा) थेंब, चिन्ह सरकवून जागेवर, ओल्या ब्रशने मधून कडेकडे हवा काढायची. खांदा गोल असल्याने सपाट चिन्हाला चुण्या पडतातच. कडेपासून आत दोन-तीन बारीक चिरा ब्लेडने द्या. अर्धवट सुकल्यावर मायक्रो सोल, म्हणजे फिल्म मऊ करणारा द्रव. फिल्म सुरकुतते, घाबरू नका आणि हात लावू नका, सुकताना ती पृष्ठभागाला चिकटते. गरज पडली तर दोन-तीन वेळा. पावसाळ्यात दोन वेळांमध्ये किमान तासभर जाऊ द्या.

बसून गेलेल्या चिन्हाखाली चमक दिसत असेल, तर बारीक सुईने त्या जागी टोचून मायक्रो सोल सोडा, ते भोकांतून आत ओढलं जातं. व्हार्निश लागून गेलं असेल तर हा मार्ग बंद. मग फिल्मच्या रिकाम्या भागावर काळ्याचा ग्लेझ, कडा झाकेपर्यंत.

सांध्यांभोवतीचा पांढरा धूर

किटबॅश करताना दोन वेगळ्या पेट्यांतले भाग आणि ग्रीन स्टफ (आकार द्यायची हिरवी पुट्टी) जोडायला फेविक्विकसारखा सुपरग्लू भरपूर वापरला जातो. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून आसपासच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. दमट हवेत ग्लू लवकर धरतो आणि धूरही जास्त. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडताना पॉलिस्टायरीन सिमेंटच वापरा, त्याचा धूर बसत नाही आणि सांधा वितळून एकजीव होतो. रेझिन, धातू आणि ग्रीन स्टफला सुपरग्लू लागतोच, तिथे टाचणीच्या टोकाएवढा, आणि दोन-तीन तास हलका पंखा वरून. ताजी जोडलेली मिनी बंद डब्यात ठेवली, की वाफ तिथेच कोंडून सगळ्या मिनीवर बसते.

रंगाआधी दिसला तर ओल्या कापसाच्या काडीने पुसून प्रायमर मारा. रंगानंतर दिसला तर हलकं पुसा, उरलेल्यावर ग्लॉस, आणि तरी राहिलं तर रंगाचा हात. आयसोप्रोपिल अल्कोहोल रंगलेल्या मिनीवर वापरू नका, ते ॲक्रिलिक सोडवतं.

काही उपाय चाललाच नाही तर

तीन-चार थर चढून बारकावे बुजले असतील, तर रंग उतरवणं जास्त प्रामाणिक. झाकणाच्या काचेच्या बरणीत पाणी न मिसळलेलं डेटॉल, प्लॅस्टिकची मिनी पूर्ण बुडेल इतकं, चोवीस तास. हातमोजे घाला. घरात मांजर असेल तर बरणी आणि धुण्याची जागा तिच्या वाटेत अजिबात नको, यातलं रसायन मांजरांना विषारी आहे. बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरलं, की सुटलेल्या रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होतो आणि तो खाचांतून निघत नाही. आधी डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासा, ताज्या डेटॉलमध्ये एकदा बुडवा, आणि त्यानंतर लिक्विड साबण आणि पाणी. रेझिनचा भाग आधी तासभरच ठेवून पाहा, मऊ पडायला लागला तर तिथेच थांबा. सुपरग्लूचे सांधे सुटतील, सिमेंटचे राहतील, म्हणून बरणी ओतण्याआधी तळाशी सुटलेला हात किंवा बॅकपॅक राहिला आहे का ते गाळणीने पाहून घ्या.